काटा दुरुस्त करणाऱ्याची लेक आणि चार कॉलेजं

प्रश्न : ताई, आमचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. लायसन्स वडिलांच्या काळापासूनचं. किराणा दुकानातल्या काट्यापासून साखर कारखान्याच्या गाडीकाट्यापर्यंत सगळी कामं करतो. थोरली मुलगी यंदा दहावी झाली, ८३ टक्के पडले. शाळा सुटली की ती दुकानातच असायची. लोडसेल (काट्यातला वजन ओळखणारा सेन्सर) बदलते, बोर्डावर सोल्डरिंग करते, आणि काटा शून्यावर आला म्हणून सोडून देत नाही, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून बघते. तिला यातच पुढे शिकायचंय, पण मोठ्या मशीनचं. आमच्यापुढे चार वाटा आहेत. सरकारी आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड. लांबच्या शासकीय पॉलिटेक्निकला इन्स्ट्रुमेंटेशनचा (मोजमापाच्या उपकरणांचा) डिप्लोमा, म्हणजे होस्टेल आलं. बारा किलोमीटरवर खासगी कॉलेज आहे, तिथं मेकॅट्रॉनिक्स (मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र) नुकतंच सुरू झालंय, बस दारात येते. आणि पुण्यातली एक संस्था दहावीनंतर तीन वर्षांत ‘प्रिसिजन सिस्टीम मेंटेनन्स’ची पदवी आणि शंभर टक्के नोकरी सांगते, फी पावणेदोन लाख. मेहुणे पुण्याच्या बाजूने आहेत. माझी आई म्हणते, पोरीच्या जातीला पाना-स्क्रूड्रायव्हर कशाला. काय करावं?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दादा, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून बघते हे तुम्ही ओघात लिहून गेलात, पण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच. काटा मधोमध बरोबर दाखवतो आणि कोपऱ्यात वजन सरकवलं की दहा ग्रॅम खातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण हे तपासायचं असतं, हे शिकवूनही न शिकणारी माणसं मी कारखान्यात ढीगभर पाहिली. शून्य आलं की झाकण लावून मोकळी. तिच्या हाताला आणि डोळ्याला ही सवय आधीच आहे. तेव्हा तिचा कल आहे की नाही याची चर्चा इथेच संपली. आता एवढंच बघायचं की ही सवय कोणतं कॉलेज वाढवेल आणि कोणतं मोडेल.

पुण्याच्या संस्थेचं आधी उरकून टाकते. आपल्या देशात पदवी देण्याचा अधिकार फक्त विद्यापीठाला किंवा कायद्याने तसा दर्जा मिळालेल्या संस्थेला असतो. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय. शिवाय पदवीला जायला बारावी लागते किंवा डिप्लोमा लागतो. दहावीनंतर थेट तीन वर्षांत पदवी, हे गणित कुठल्याच रस्त्याने जुळत नाही. मेहुण्यांना म्हणावं, त्यांच्या ऑफिसात जाऊन दोनच गोष्टी लेखी मागा : प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचं किंवा मंडळाचं नाव येणार, आणि या प्रमाणपत्रावर थेट द्वितीय वर्ष इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो का. लेखी द्यायची वेळ आली की ‘सरकारमान्य’ या शब्दाचा आवाज एकदम बारीक होतो. पीएलसी-स्काडाचे, म्हणजे कारखान्यातल्या मशीन संगणकावरून चालवायच्या तंत्राचे, तीन-चार महिन्यांचे खासगी वर्ग असतात, त्यांतले काही चांगलेही असतात, पण ते डिप्लोमा झाल्यावर हाताला धार लावायला. पाया म्हणून नव्हे. पावणेदोन लाख वाचले, पुढे जाऊ.

‘प्रिसिजन सिस्टीम मेंटेनन्स’ या नावाचा कोर्स प्रवेशाच्या यादीत तुम्हाला कुठे दिसणार नाही. आपल्याकडे हे काम चार-पाच शाखांत वाटलं गेलंय : इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅट्रॉनिक्स, मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स, ऑटोमेशन, आणि टूल रूममधलं टूल अँड डाय, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणं. सगळ्यांच्या मुळाशी काम एकच. बंद पडलेली मशीन कुणालाही दिसते, तिच्यासाठी मेकॅनिक धावत येतो. चुकीचं मोजणारी मशीन मात्र चालूच राहते. औषधाच्या कारखान्यात तापमान दोन अंशांनी खोटं दाखवणारा सेन्सर दिवसभर गुण्यागोविंदाने चालतो आणि अख्खी बॅच टाकून द्यायची वेळ येते. गाडीकाटा किती खरा यावरून दर हंगामात आपल्याकडे शेतकरी आणि कारखाने यांच्यात काय काय होतं, ते तुमच्याइतकं जवळून कोण पाहणार! तर तिला जे शिकायचंय ते हे, की मशीन चालू असताना ती खरं बोलतेय का ते ओळखायचं, आणि बोलत नसेल तर परत खऱ्यावर आणायचं.

आता आयटीआय की डिप्लोमा. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि चांगला आहे. वेळापत्रकात हातकाम भरपूर. नंतर अप्रेंटिसशिप करता येते, भाभा अणुसंशोधन केंद्रासारख्या ठिकाणी या ट्रेडच्या मुलामुलींना स्टायपेंडवर प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात, खत आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतही या ट्रेडला मागणी असते. पुढे शिकायचं झालं तर आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. कुणी आयटीआयला नाक मुरडत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. पण तुमच्या मुलीच्या बाबतीत माझा कौल डिप्लोमाकडे आहे, आणि त्याचं कारण तुमचं दुकान आहे. आयटीआय पहिल्या वर्षी जे देते, सोल्डरिंग, मल्टीमीटर धरणं, खोलणं-जोडणं, ते ती घरी शिकून बसलीय. आयटीआय करून डिप्लोमाला गेली तर चार वर्षं लागतील, थेट गेली तर तीन. ८३ टक्क्यांवर तिला थेट जाता येईल. डिप्लोमानंतर मन झालं तर थेट द्वितीय वर्ष इंजिनिअरिंग आहेच. आणि कुणी म्हणालं की अकरावी-बारावी करून सीईटी दे, तर हिशेब मांडून दाखवा : दोन अधिक चार सहा, तीन अधिक तीनही सहा. पदवी दोन्हीकडून एकाच वयात मिळते. फरक इतकाच की डिप्लोमावाली मधेच थांबली तरी तिच्या हातात काहीतरी असतं.

एक वाट तुमच्या यादीत नाही, ती सांगून ठेवते. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे, केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाची. चंदीगडला सीएसआयओ या केंद्राच्या वैज्ञानिक उपकरण संस्थेच्या आवारात १९६३ सालापासून इंडो-स्विस ट्रेनिंग सेंटर आहे. अशा ठिकाणी वर्कशॉपचे तास पॉलिटेक्निकपेक्षा कितीतरी जास्त, आणि मायक्रॉनशी (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाशी) दोस्ती तिथं होते तशी दुसरीकडे होत नाही. मुलीचा ओढा धातूकाम, डाय, ग्राइंडिंग इकडे असता तर मी तुम्हाला तिकडेच पाठवलं असतं. पण पत्रावरून ती बोर्ड आणि सेन्सरवाली दिसते. तरी तिला एकदा विचारा. आणि तिकडे गेलाच तर तिथल्या डिप्लोमावर महाराष्ट्रात थेट द्वितीय वर्षाला प्रवेश मिळतो का, हे कोर्सचं नाव घालून लेखी विचारून घ्या. कोर्सागणिक उत्तर बदलू शकतं.

आता राहिली दोन पॉलिटेक्निकं, सरकारी आणि खासगी. सरकारी म्हणजे चांगलं आणि खासगी म्हणजे लुटारू, असं मी म्हणणार नाही. सरकारीत जागा रिकाम्या आणि मशीनवर प्लॅस्टिकचं आवरण, हेही पाहिलंय. खासगीत संस्थाचालकाने हट्टाने उभी केलेली उत्तम लॅबही पाहिलीय. त्यामुळे दोन्हीकडे जा, मुलीला घेऊन जा, आणि माहितीपत्रक गाडीतच ठेवून जा.

जायचं ते कामाच्या दिवशी, दुपारी. ‘ओपन हाऊस’च्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी सगळं पुसलेलं असतं. प्राचार्यांचा चहा झाला की मापनशास्त्राची लॅब दाखवा म्हणावं. तिथं स्लिप गेजचा लाकडी डबा असतो, पोलादाचे आरशासारखे गुळगुळीत चौकोनी ठोकळे, प्रत्येकावर जाडी कोरलेली. तो उघडायला सांगा. डबा उघडायला किल्लीच सापडत नसेल तर तिथेच निम्मं उत्तर मिळालं. उघडला आणि ठोकळ्यांवर गंजाचे ठिपके, बोटांचे ठसे असतील तर वापरतात पण पुसत नाहीत. आणि सगळे ठोकळे अजून कंपनीच्या तेलकट कागदात गुंडाळलेले असतील, तर ते त्याहून वाईट, आजवर कुणी हातच लावलेला नाही. चांगल्या लॅबमध्ये शिक्षक किंवा लॅब असिस्टंट तुमच्या देखत दोन ठोकळे पुसून एकमेकांवर सरकवत बसवून दाखवेल, ते चुंबक नसताना चिकटतात, उलटे धरले तरी पडत नाहीत. मुलीला ते करून बघू देतात का, हे नीट पाहा. ‘हात लावू नको, महाग आहे’ असं ऐकू आलं तर तीन वर्षं तेच ऐकू येणार.

त्याच खोलीत एसी आहे का आणि तो चालू आहे का, हेही बघा. हा चैनीचा प्रश्न नाही. लांबीच्या मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरलेलं आहे, जगभर. मीटरभर पोलाद एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. आपल्याकडच्या मे महिन्यात, ४० अंशांत, तो मीटर जवळजवळ पाव मिलिमीटर लांब झालेला असतो. जिथं मायक्रोमीटरने शतांश मिलिमीटर वाचायला शिकवायचं, तिथं खिडक्या सताड उघड्या असतील तर शिकवणाऱ्यालाच त्या आकड्याचं काही पडलेलं नाही.

मग उपकरणांवरचे स्टिकर वाचा. प्रेशर गेज असो, मल्टीमीटर असो, त्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे खऱ्या मापाशी ताडून तपासणी, कधी झालं आणि पुन्हा कधी करायचं याची तारीख असते. तुमच्या धंद्यात वैधमापनचा शिक्का दर वर्षी लागतो, तसंच हे. कॉलेजातल्या सगळ्याच उपकरणांचं दरवर्षी बाहेरून कॅलिब्रेशन होत नाही, पैशाचं कारण असतं, ते मी समजू शकते. पण निदान एखादा संदर्भ-गेज किंवा मीटर एनबीएल मान्यतेच्या नव्हे, एनएबीएल मान्यतेच्या (एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ; हा घोळ माहितीपत्रकांत नेहमी असतो, म्हणून अक्षरं मोजून वाचा) प्रयोगशाळेतून तपासून आणलेला हवा, आणि बाकीची उपकरणं त्याच्याशी ताडून बघायचं काम मुलांकडून करून घेतलेलं हवं. डेड वेट टेस्टर कुठे आहे म्हणून विचारा. तुम्हाला ते यंत्र बघताक्षणी आवडेल, वजनं ठेवून दाब तयार करायचा. ते टेबलावर आहे की काचेच्या कपाटात, एवढं बघितलं तरी पुरे.

यानंतर जो प्रश्न विचारायचा तो बहुतेक पालक विचारत नाहीत. कॉलेजची मशीन बिघडली की दुरुस्त कोण करतं? देखभाल शिकवणाऱ्या जागेची यापेक्षा चोख परीक्षा नाही. काही ठिकाणी उत्तर येतं, ‘कंपनीचा माणूस येतो, एएमसी (वर्षाचा देखभाल करार) आहे’. काही ठिकाणी मशीन सहा महिने तशीच पडून असते. आणि क्वचित एखाद्या ठिकाणी लॅब असिस्टंट ब्रेकडाऊन रजिस्टर काढून दाखवतो : अमुक तारखेला ट्रेनर किटचा पॉवर सप्लाय गेला, तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी रेक्टिफायर बदलला, खाली सह्या. असं रजिस्टर दिसलं तर इमारतीचा रंग उडालेला असला तरी चालेल, प्रवेश तिथंच घ्या. लॅब असिस्टंटशी दहा मिनिटं बोला. प्राध्यापक बदलतात, तासिका तत्त्वावरचे तर दरवर्षी. लॅब मात्र याच माणसाच्या जीवावर चालते. त्याला तुमचा धंदा सांगा, तो आपोआप मोकळा बोलेल.

शेवटी कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाची एखादी मुलगी गाठा आणि आपल्या लेकीला तिच्याशी बोलू द्या. तुम्ही जरा लांब बसा. लेकीने विचारायचे प्रश्न मी देते. ट्रान्समीटरचा, म्हणजे सेन्सरचं माप तारेने पाठवणाऱ्या उपकरणाचा, सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर असतो, तर तो शून्यापासून का नाही? उत्तर सोपं आहे, वायर तुटली तर शून्य येतो, म्हणून खरा शून्य ४ वर ठेवतात, म्हणजे टाकी रिकामी आहे की वायर तुटलीय हे कळतं. १२ मिलिअँपिअर म्हणजे किती टक्के? पन्नास. हे दोन पुस्तकात असतात, जमतीलच. तिसरा असा : मीटर १२ दाखवतोय आणि टाकी डोळ्यांना रिकामी दिसतेय, तू आधी काय तपासशील? इथं जी मुलगी थोडी थांबेल आणि मग ‘आधी वीज बंद...’ किंवा ‘आधी लूपमध्ये मीटर लावून...’ अशी सुरुवात करेल, तिला त्या कॉलेजने काहीतरी दिलंय. ‘हे आम्हाला सिलॅबसमध्ये नव्हतं’ असं उत्तर आलं तर दोष तिचा नाही.

तुमच्या लेकीला एक गंमत सांगा. ती जो लोडसेल बदलते त्यात चार स्ट्रेन गेज (ताण पडला की रोध बदलणाऱ्या पट्ट्या) ब्रिजमध्ये, म्हणजे चौकोनी सर्किटमध्ये, जोडलेले असतात, दहा व्होल्ट दिले तर पूर्ण वजनाला साधारण वीस मिलिव्होल्ट बाहेर येतात. बऱ्याच प्रेशर ट्रान्समीटरच्या पोटात हाच ब्रिज असतो. म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशनच्या सेन्सरच्या विषयात अर्धा वर्ग गोंधळलेला असेल तेव्हा ही पोरगी खुर्चीत मागे रेलून बसणार.

शाखेचं बोलू. आसपासचा उद्योग बघून शाखा निवडावी असं मला वाटतं, कारण पहिली नोकरी बहुधा दोनशे किलोमीटरच्या आतच लागते. चाकण, तळेगाव, रांजणगाव हा पट्टा गाड्यांचा, तिथं रोबोट, सीएनसी, सर्व्हो. तिकडे मेकॅट्रॉनिक्सवाल्यांची चलती. रसायन, औषध, खत, साखर, वीज इथं दाब, तापमान, प्रवाह, पातळी मोजायची, म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशन. लोटे, महाड, रोहा, तारापूर हा सगळा त्यांचा मुलूख. तुमच्या भागात दोन्हीचं मिश्रण आहे. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावला फाउंड्री आणि मशीन शॉप, शेजारी किर्लोस्करवाडीला १९१० पासून कारखाना, आणि सगळीकडे साखर. साखर कारखान्यातला इन्स्ट्रुमेंट विभाग तर तुम्ही आतून पाहिला असेल : हंगामात बॉयलरच्या ड्रमची पातळी आणि रसाचा पीएच सांभाळत रात्र काढायची, आणि हंगाम संपला की प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक ट्रान्समीटर उतरवून तपासायचा. देखभाल शिकायला ऑफ सीझनसारखी शाळा नाही. कॉलेज कोणतंही घेतलं तरी औद्योगिक प्रशिक्षणाच्या वेळी तिला तिथं घाला. ऑफिसात बसवून सही देणाऱ्या ओळखीच्या कंपनीत नको.

लेकीचा कल पाहता मी इन्स्ट्रुमेंटेशन म्हणेन. त्यात मोजमाप हा गाभा आहे, आणि तिथून कॅलिब्रेशन, औषध कंपन्यांचं व्हॅलिडेशन, हॉस्पिटलची उपकरणं, वीजकेंद्रं, सगळीकडे दार उघडतं. डिप्लोमानंतर मुंबईत चुनाभट्टीला आयडेमी म्हणून सरकारी संस्था आहे, तिथं कॅलिब्रेशन आणि टूल रूम दोन्ही चालतं. तिथले छोटे कोर्स तेव्हा जरूर बघा. फक्त एवढं ध्यानात ठेवा की जाहिरातीत ‘इलेक्ट्रॉनिक्स’ किंवा ‘इलेक्ट्रिकल’ एवढंच लिहिणाऱ्या कंपन्या असतात, तिथं इन्स्ट्रुमेंटेशनला अर्ज करता येतो का हे विचारावं लागतं. अडचण आहे, पण मोठी नाही.

खासगी कॉलेजचं मेकॅट्रॉनिक्स मात्र मला जरा धास्तीचं वाटतं, आणि ते खासगी आहे म्हणून नाही तर नवं आहे म्हणून. नव्या शाखेची पहिल्या वर्षाची लॅब तयार असते, कारण मंजुरीला ती दाखवावी लागते. तिसऱ्या वर्षाची पीएलसी, सर्व्हो, न्यूमॅटिकची लॅब ‘येतेय’ असते. ती आलेली आहे की कोटेशनवर आहे, ते डोळ्यांनी बघा. अजून एकही बॅच बाहेर पडलेली नसेल तर प्लेसमेंटचे जे आकडे सांगतील ते दुसऱ्या शाखेचे असणार. एनबीए या अभ्यासक्रमांची गुणवत्ता तपासणाऱ्या मंडळाचं मूल्यांकनही बॅच बाहेर पडल्याशिवाय होत नाही. यंदाची एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मंजुरी त्या शाखेला आणि तेवढ्या जागांना आहे ना, हे एआयसीटीईच्या संकेतस्थळावर बघता येतं. बस दारात येते ही मात्र खरी सोय आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. रोजचे दोन तास वाचतात आणि संध्याकाळी दुकान असतं. लॅब पाहून आलात, रजिस्टर दिसलं, हात लावू दिला, तर हे कॉलेज वर सरकवा. मी इथे बसून त्याला नापास करणार नाही.

प्लेसमेंटच्या यादीवर एकच सूचना. कंपन्यांची नावं वाचू नका, हुद्दा आणि पगार कुणाच्या खात्यातून येतो ते विचारा. मोठ्या कंपनीच्या गेटच्या आत पण ठेकेदाराच्या पेरोलवर, अकरा महिन्यांसाठी, आणि काम पॅकिंगच्या लाइनवर, हाही यादीत ‘प्लेसमेंट’ म्हणून मोजला जातो. गेल्या दोन वर्षांतल्या दोन मुलांचे नंबर मागा आणि स्वतः फोन करा.

आईंचं म्हणणं. त्यांना वाटतं ते काळजीपोटी, हे तुम्हालाही कळतंय. या कामात घणाचे घाव नसतात. हाताची स्थिरता, लिहून ठेवायची शिस्त आणि चिकाटी लागते, जी तुमच्या लेकीकडे आहे. कॅलिब्रेशन लॅबमध्ये आणि औषध कंपन्यांत मुली चिक्कार आहेत. प्लांटवर कमी आहेत, आणि तिथला पाळीचा प्रश्न खरा आहे; रात्रपाळीला बोलावलं तर ने-आण कंपनीने करायची असते, ते नोकरीच्या वेळी ठणकावून विचारावं. होस्टेलचं म्हणाल तर आईंनाच सोबत घेऊन जा, त्यांना खोली, संडास-बाथरूम आणि रेक्टरबाई बघू द्या. माझा अनुभव असा की विरोध करणारी आजीच परत येताना पोरीच्या बाजूने बोलायला लागते.

पैशाचं बघू. तंत्रशिक्षणात मुलींना ३० टक्के जागा राखीव आहेत. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती डिप्लोमाच्या मुलींनाही मिळते, वर्षाला ५० हजार, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. म्हणजे धाकटी असेल तर तिचाही विचार आत्ताच करा. शिवाय राज्य सरकारने २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या ८ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलंय. अट अशी की प्रवेश केंद्रीय फेरीतून (राज्याच्या सामाईक ऑनलाइन प्रवेशातून) हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर ‘सीट पक्की करून टाका’ म्हणतात तेव्हा ही माफी हातची जाते, म्हणून खासगी कॉलेज आवडलं तरी फेरीतूनच जा. तुमचा प्रवर्ग आणि तिचा कोर्स यात बसतो का हे सुविधा केंद्रावर विचारून घ्या. फीमाफीच्या टीएफडब्ल्यूएस जागा वेगळ्या असतात, त्यांचा चॉइस कोडही वेगळा असतो. तो कोड पसंतीत भरलाच नाही तर कितीही गुण असले तरी ती जागा मिळत नाही. बरेच पालक इथे चुकतात.

तेव्हा पसंतीक्रम माझ्या मते असा : वर शासकीय इन्स्ट्रुमेंटेशन, तिथली टीएफडब्ल्यूएसची जागा असेल तर तीच सर्वांत आधी. खाली खासगी मेकॅट्रॉनिक्स, पण लॅब पाहून मन भरलं तरच. आयटीआयचा अर्ज वेगळा असतो, तोही भरून ठेवा, फेऱ्यांत काही बिनसलं तर वर्ष वाया जाणार नाही. पहिली पसंती मिळाली की ती आपोआप पक्की होते आणि नको म्हटलं तर पुढच्या फेऱ्या बंद होतात, तेव्हा पहिल्या जागी तेच लिहा जिथं ती खरोखर जाणार आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तर नॉन-क्रीमिलेअर, हे सेतू केंद्रात आजच टाका. उशीर झाला की तिथं रांग गेटाबाहेर येते. आणि अर्जाचा लॉगिन-पासवर्ड कॅफेवाल्याकडे ठेवू नका. फॉर्म त्याच्याकडे भरला तरी घरी येऊन मुलीने तो स्वतः बदलावा, आणि ऑप्शन फॉर्मची प्रिंट काढून क्रम एकदा बोट ठेवून वाचावा.